लाईट गेली की सम्पचं पाणी फरशीवर? सम्प बदलायच्या आधी नोझल बघा

लक्षणं अशी. खाऱ्या पाण्याचा टँक एरवी मस्त चालू असतो, क्लाउनफिश खातायत पितायत, कोरल उघडलेत, आणि लाईट गेली की पाच-दहा मिनिटांत कॅबिनेटच्या खालून पाणी यायला लागतं. बरं दर वेळी येतं असंही नाही, तीच तर खरी डोकेदुखी. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला दोन-दोन तास लाईट नसते तेव्हा एक थेंब सांडत नाही आणि एखाद्या दिवशी पाच मिनिटं गेली तर बादलीभर बाहेर. मग कोणी सांगतं सम्प (टँकखालच्या कॅबिनेटमधली फिल्टरची टाकी) छोटा पडतोय, कोणी म्हणतं एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाका, कोणी म्हणतं रिटर्न पाइपला (पंपाचं पाणी सम्पमधून परत वर नेणाऱ्या) भोक पाडा की झालं. ते सगळं करून होतं, दोन-तीन महिने बरे जातात आणि परत पोछा घेऊन बसायची वेळ येते.

तर आधीच सांगतो, दहातल्या आठ केसमध्ये सम्प छोटा नसतो आणि पंपही खराब नसतो. सम्पमध्ये पाणी किती भरायचं हे आपण पंप चालू असताना ठरवतो आणि लाईट गेल्यावर वरून किती पाणी खाली येणार हे मोजलेलंच नसतं. एवढाच घोळ आहे, पण तो नीट समजून घेतला नाही तर भोक, एनआरव्ही, नवीन सम्प असे पैसे जात राहतात.

पंप बंद पडला की काय होतं ते बघा. वरच्या टँकमध्ये पाणी ओव्हरफ्लो बॉक्सच्या (जास्तीचं पाणी ड्रेन पाइपने खाली सम्पमध्ये सोडणारा कप्पा) दातांवरून जात असतं, म्हणजे चालू असताना पातळी दातांच्या थोडी वर असते, तेवढा थर खाली येतो. बॉक्समध्ये साठलेलं पाणी ड्रेन पाइपच्या तोंडापर्यंत उतरतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. तिसरा प्रकार मात्र लोक विसरतात, तो म्हणजे रिटर्नच्या पाइपातून उलटा सायफन. रॉकेलच्या डब्यातून नळीने तेल काढायचो ना, तसंच. पंप बंद, पाइप पाण्याने भरलेला, एक तोंड वर टँकमध्ये बुडालेलं आणि दुसरं खाली सम्पमध्ये, मग वरचं पाणी पंपातूनच उलटं खाली यायला लागतं आणि नोझलचं (रिटर्न पाइपचं वरचं टोक) तोंड उघडं पडून हवा आत शिरेपर्यंत ते थांबत नाही. म्हणजे नोझल जितकं खोल तितकं जास्त पाणी खाली. आणि ते बंद पंपातून शांतपणे येतं, आवाज नाही काही नाही, म्हणून लक्षातच येत नाही.

आता आकडे घालून बघू. चार फुटी टँक धरा, आतून १२२ सेंमी लांब आणि ४६ सेंमी रुंद. लांबी गुणिले रुंदी भागिले १००० केलं की एका सेंमीला किती लिटर ते कळतं, इथे साधारण ५.६ लिटर. नोझलचं तोंड पृष्ठभागाच्या ४ सेंमी खाली असेल तर २२ लिटरच्या वर पाणी नुसतं टँकमधून येणार (दातांवरचा थर यातच आला). बॉक्स २० बाय १५ सेंमीचा आणि त्यात २० सेंमी पाणी उतरत असेल तर ते ६ लिटर. पाइप, स्किमरमधलं (बुडबुड्यांनी घाण बाहेर काढणारं यंत्र) पाणी, असं सगळं मिळून अजून २ लिटर धरा. झाले ३० लिटर.

खाली सम्प ९० बाय ४० सेंमी आणि उंची ४० सेंमी, म्हणजे एका सेंमीला ३.६ लिटर. ३० लिटर मावायला साडेआठ सेंमी मोकळी जागा हवी. पण स्किमरला खोली पाहिजे, रिटर्न पंप बुडालेला पाहिजे, पाणी जास्त असलं की पाण्याचे गुणधर्म स्थिर राहतात असंही आपण वाचलेलं असतं, म्हणून पाणी भरलेलं असतं ३४ सेंमीपर्यंत. मोकळी जागा ६ सेंमी, म्हणजे साडेएकवीस लिटर. उरलेलं आठ-नऊ लिटर पाणी फरशीवर. (कप्पे सगळे एकाच पातळीला धरलेत हिशोब सोपा व्हावा म्हणून, प्रत्यक्षात रिटर्नचा कप्पा थोडा खाली असतो तेवढी सूट मिळते, पण त्या सुटीवर अवलंबून राहू नका.)

आता याच टँकमध्ये काहीही विकत न आणता नोझल वर घ्या, पृष्ठभागाच्या फक्त दीड सेंमी खाली. टँकमधून येणार साडेआठ लिटरच्या आत, बॉक्सचे ६, पाइपचे २, एकूण साडेसोळा लिटर. सम्पमध्ये ते ४.६ सेंमीत मावतं. संपला विषय, आणि सम्प तोच. वाकवता येणारं कड्याकड्यांचं नोझल असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. पक्का पीव्हीसीचा एल्बो खाली सोडलेला असेल तर कापून परत जोडावा लागेल, कंटाळा येतो पण करा. पृष्ठभागाला लागून नोझल असलं की पाणी वर हलतं आणि ऑक्सिजनही जास्त मिसळतो, खालच्या फ्लोसाठी वेव्हमेकर (टँकमध्येच बसवलेला, पाणी ढवळणारा छोटा पंप) आहेच की.

मग कधी सांडतं आणि कधी नाही असं का? कारण सम्पची पातळी रोज वेगळी असते. ऑटो टॉप-अप (आटलं तेवढं गोडं पाणी आपोआप टाकणारी मोटर) नसेल तर पाणी आटत जातं, उन्हाळ्यात पंखा लावलेला असेल तर अजूनच, आणि पाणी आटलेलं असताना लाईट गेली तर जागा भरपूर असते. रविवारी वॉटर चेंज करून जरा हात सैल सोडून पाणी भरलं आणि सोमवारी लाईट गेली की सांडलंच. दुसरं कारण, काच पुसताना नोझलला धक्का लागतो आणि ते खाली वळतं. घरात काच पुसणारा माणूस दुसरा असेल तर हे हमखास. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) तुंबलेला असेल तर तोही पातळी वर नेतो. आणि चौथं ते भोक, त्याच्याकडे येतोच.

त्याआधी टेस्ट. इथे एक उलटी पद्धत आहे आणि मला तीच सगळ्यात आवडते कारण गणित चुकलं तरी ती चुकत नाही. रिटर्न पंप, स्किमर सगळं बंद करा. भोक असेल तर त्यावर टेप लावा, म्हणजे वाईटात वाईट परिस्थिती कळेल. वरून पाणी यायचं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा आणि सम्पवर लक्ष ठेवा, काठाला यायला लागलं तर मगने काढत राहा. सगळं थांबलं की सम्पमध्ये काठापासून ३-४ सेंमी जागा राहील इतकंच पाणी ठेवा, जास्तीचं काढून टाका. आता सगळं परत चालू करा, पाइप आणि बॉक्स भरू द्या, दहा-पंधरा मिनिटांनी रिटर्नच्या कप्प्यात पाणी जिथे स्थिर होईल तिथे पर्मनंट मार्करने रेघ मारा. ही तुमची कमाल रेघ. वॉटर चेंज असो, टॉप-अप असो, याच्या वर पाणी जायचं नाही. टेप मात्र आठवणीने काढा.

ही रेघ इतकी खाली आली की पंप हवाच ओढायला लागला, तरच सम्प खरोखर छोटा आहे. मग बोला सम्प बदलायचं.

आता एनआरव्ही आणि भोक. दोन्ही चांगलेच आहेत, पण फक्त त्यांच्या जिवावर राहायचं नाही. रिटर्न पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली ५-६ मिमीचं भोक पाडलं की पातळी थोडी उतरताच त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पण खाऱ्या पाण्यात मीठ जमतं, कोरलाइन शेवाळ चढतं, एखादी छोटी गोगलगाय नेमकी तिथेच जाऊन बसते, आणि भोक बुजतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने छान आणि मग परत तेच. दर आठवड्याला काच घासताना टूथपिकने भोक मोकळं करायचं, लक्षात राहत नसेल तर दोन भोकं पाडा. एनआरव्हीचं तेच, फ्लॅपवर कॅल्शियम जमतं, शंखाचा बारीक तुकडा अडकतो, फ्लॅप अर्धवट बंद होतो आणि पाणी झिरपत राहतं. लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) टाका म्हणजे काढून धुता येईल, आणि त्याने पंपाचा फ्लोही थोडा कमी होणार हे धरून चाला. युनियनशिवाय सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवून टाकलेला एनआरव्ही सहा महिन्यांनी नुसता शोभेचा.

अजून एक, हार्डवेअरच्या दुकानात एनआरव्ही किंवा गेट व्हॉल्व्ह मागितला की बऱ्याचदा पितळी हातात देतात, वर "पीव्हीसीपेक्षा टिकतो साहेब" हेही ऐकवतात. घरच्या पाण्याच्या टाकीला टिकत असेल, इथे चालणार नाही. पितळेत तांबं असतं, ते खाऱ्या पाण्यात सुटतं आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना ते विष आहे. जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) फिटिंगही नको, गंजतं. सगळं यूपीव्हीसी, आणि प्लंबर बोलावला असेल तर त्याला आधीच बजावून ठेवा, कारण धातूचा एखादा निपल त्याच्या पिशवीत तयारच असतो.

आता जरा उलटी केस. लाईट जाताना काही होत नाही, पण परत आल्यावर वरचा टँक काठावरून वाहतो. इथे दोष ड्रेनचा. पाइप सम्पमध्ये खूप खोल बुडालेला असेल तर सुरुवातीला त्यातली हवा बाहेर पडायला जागा मिळत नाही, पाणी गुडगुडत बसतं, ड्रेन पूर्ण जोरात चालू होत नाही आणि तोपर्यंत पंप वर पाणी ढकलतच असतो. ड्रेनचं तोंड सम्पच्या पातळीच्या फक्त दोन-अडीच सेंमी खाली ठेवा. एकच ड्रेन असेल आणि तोही पूर्ण सायफनवर (पाइपात हवा अजिबात न राहता) चालवत असाल तर तो जुगार आहे सरळ सरळ. निदान हर्बी पद्धत करा, दोन पाइप, एक पूर्ण सायफनवर आणि त्यावर व्हॉल्व्ह, दुसरा उंच आणि कोरडा, फक्त इमर्जन्सीसाठी. बीनअॅनिमलमध्ये तीन पाइप असतात, सायफन, एक उघडा ज्यातून थोडंसं पाणी जातं, आणि एक कोरडा, ती सगळ्यात निवांत सिस्टीम पण टँकला तीन भोकं पाडायची तयारी पाहिजे. टँक भरलेला असेल तर आता ते शक्य नाही, नवीन बनवताना मात्र काचवाल्याला आधीच सांगा.

आणि ड्रेन कधीतरी तुंबणारच हे गृहीत धरा. गोगलगाय, शेवाळाचा गोळा, आणि ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) असेल तर तो फिरत फिरत बॉक्समध्ये जाऊन पाइपच्या तोंडावर बसलेला सापडतो. म्हणून रिटर्नचा कप्पा मुद्दाम छोटा ठेवायचा. वरच्या टँकमध्ये चालू पातळीपासून काठापर्यंत ३ सेंमी जागा असेल तर आपल्या चार फुटीत ती झाली जवळपास १७ लिटर. रिटर्नचा कप्पा २५ बाय ४० सेंमीचा, त्यातलं पंप ओढू शकेल असं पाणी १५ सेंमी, म्हणजे १५ लिटर. ड्रेन पूर्ण बंद पडला तरी पंप १५ लिटर वर टाकून कोरडा पडेल, घरघर आवाज करेल, तुम्हाला कळेल, आणि फरशी कोरडी राहील. हेच रिटर्नचा कप्पा ३० लिटरचा असता तर जवळपास अर्धं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या सीलिंगमध्ये.

ऑटो टॉप-अप इथे दोन ठिकाणी नडतो. एक, ड्रेन तुंबला आणि रिटर्नची पातळी खाली गेली की त्याला वाटतं पाणी आटलं, तो गोडं पाणी टाकत सुटतो, आणि १७ लिटर जागेचा आपला हिशोब बिघडतो. त्यामुळे जास्तीत जास्त किती वेळ चालायचं याची लिमिट असलेलाच टॉप-अप घ्या आणि त्याचा कॅन फार मोठा ठेवू नका. त्याची नळीही सम्पच्या पाण्यात बुडवू नका, कॅन उंचावर असेल तर मोटर बंद झाली तरी सायफनने सगळा कॅन रिकामा होतो.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण लोकांचं तिकडे लक्षच जात नाही. सांडतं ते खारं पाणी. लाईट आली की सम्पमध्ये तेवढं पाणी कमी, टॉप-अप ती जागा आरओच्या गोड्या पाण्याने भरतो. सगळी सिस्टीम ३०० लिटरची असेल आणि प्रत्येक वेळी १० लिटर सांडत असेल तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, पहिल्याच वेळी ३३.८ वर येते. असं पाच वेळा झालं की साडेएकोणतीस. मासे निभावून नेतात, पण कोरल मिटून बसतात, गोगलगायी पटापट मरतात, आणि आपण टँकचे दिवे, फॉस्फेट, डोसिंग (कोरलसाठी टाकायची रसायनं) असं भलतंच शोधत बसतो. पाणी सांडलं की फरशी पुसून झाल्यावर पहिलं काम रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) काढायचं, तोही नुसता साध्या पाण्यावर झीरो केलेला नको, ३५ पीपीटीच्या सोल्युशनवर कॅलिब्रेट केलेला हवा. कमी आली असेल तर एकदम मीठ ओतू नका, टॉप-अपला काही दिवस मिठाचं पाणी वापरून दिवसाला साधारण एक पीपीटी इतकंच वर न्या.

पंपाबद्दल थोडं. डब्यावर ३००० लिटर लिहिलंय म्हणजे वर ३००० पोचतात असं नाही, तो आकडा शून्य उंचीचा. सम्पपासून टँकच्या काठापर्यंत सव्वा-दीड मीटर उंची असते, वर एल्बो, एनआरव्ही, पाइपचं घर्षण. डब्यावर कमाल उंची ३ मीटर असेल तर दीड मीटरला साधारण निम्मं धरा, नेमकं बघायचं तर कंपनीचा ग्राफ बघा. सम्पमधून तासाला टँकच्या ३ ते ५ पट पाणी फिरलं तरी पुरतं, म्हणजे २५० लिटरच्या टँकला प्रत्यक्ष हजार-बाराशे लिटर. कोरलला लागणारा जोराचा फ्लो वेव्हमेकरने द्यायचा. उगाच मोठा पंप घेतला की दातांवरचा थर जाड होतो, ड्रेन गुडगुडतो, सम्पमध्ये बुडबुडे होतात, आणि लाईट गेल्यावर येणारं पाणीही वाढतं. डीसी पंप असेल तर स्पीड कमी करून बघता येतं, पण स्पीड बदलला की दातांवरची पातळी बदलते, मार्करची रेघ परत तपासा.

विजेचं न विसरता सांगतो. कॅबिनेटच्या तळाला पडलेला एक्स्टेंशन बोर्ड आज उचला, वर बाजूच्या फळीला स्क्रूने बसवा, आणि प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. त्या सर्किटला ३० एमएचा आरसीसीबी (करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. खारं पाणी आणि २३० व्होल्ट, यात काटकसर नको. पाणी सांडलेलं दिसलं तर आधी मेन बंद, मग हात घालायचा.

इन्व्हर्टरवर सगळं टाकायची गरज नाही. लाईट गेल्यावर पहिला प्रश्न ऑक्सिजनचा, त्यामुळे एक वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवून इन्व्हर्टरवर ठेवा, नाहीतर बॅटरीचा एअर पंप. टँकमध्ये लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले दगड) असेल तर त्यातल्या बॅक्टेरियांचंही एवढ्या ऑक्सिजनवर भागतं. रिटर्न पंप इन्व्हर्टरवर टाकून सांडण्यापासून वाचू असं काही जण म्हणतात, पण बॅटरी रात्री तीनला संपली तर तेच पाणी रात्री तीनला येणार. शिवाय स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर एसी पंप गुणगुणतात आणि गरम होतात.

लाईट आल्यावर स्किमर येडा होतो तो वेगळाच. सम्पची पातळी वर असताना स्किमर चालू झाला की पाणी कपमध्ये चढतं आणि आठवड्याची साठलेली घाण परत सम्पमध्ये. त्याला दहा मिनिटं उशिरा चालू होणारा टाइमर प्लग लावा, किंवा कपच्या नळीला वेगळा डबा जोडा. आणि पंप आला का ते कानाने नाही तर वर पाणी पडतंय का ते बघून ठरवा, कारण बरेच जुने पंप चालू असताना ठीक असतात पण थांबले की इम्पेलरवर (पंपातलं फिरणारं पातं) जमलेल्या कॅल्शियममुळे परत सुरूच होत नाहीत, नुसते घूं करत राहतात. तीन-चार महिन्यांनी पंप काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबू फुलाच्या पाण्यात तासभर चालवायचा, जुन्या टूथब्रशने इम्पेलर घासायचा, साध्या पाण्याने धुवून परत लावायचा. तरीही अडखळत सुरू होत असेल तर शाफ्ट आणि इम्पेलर बदला, पूर्ण पंप घ्यायची घाई नको. नवीन इम्पेलर बसवल्यावर फ्लो वाढलेला असतो, तेव्हा बंद करून एकदा सम्प कुठपर्यंत भरतो ते बघून घ्या.